पंचनामा आणि दुखवटा

घरातले माणूस गेले म्हणजे पुढे काय करावयाचे, हे कोणाला विचारावे लागत नाही. बातमी लागताच शेजारी जमतात. कोणी नातलगांना कळवितो, कोणी सामानाच्या यादीमागे लागतो. त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही आणि संध्याकाळी शेजारघरून पिठले-भाकरी येते. मग दहा दिवसांचे सुतक, तेरावा, वर्षश्राद्ध. दुःख कमी होते असे नव्हे. पण त्याला चालावयास एक मळलेली वाट मिळते. कुत्रे किंवा गाय गेली तर एवढा विधी नसतो, तरी दाराशी थांबून चार शब्द बोलणारे भेटतात. परंतु सहा-सात वर्षे सांभाळलेले कासव एके सकाळी पाण्यात निश्चल आढळले, तर त्या घराने काय करावे? आदल्या रात्री ते चांगले होते, निदान तसे वाटले होते. कारण कळत नाही, रीत ठाऊक नाही, आणि ज्याला सांगावे तो म्हणतो, "कासवच ना? दुसरे आणा!"

सरपटणाऱ्या प्राण्यांशी आपले नाते मोठे चमत्कारिक आहे. नागाला आपण श्रावणात पूजितो आणि भाद्रपदात काठी शोधतो. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याला नमस्कार केल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. कासवी केवळ नजरेने पिलांचे पोषण करते ही कल्पना आपल्या संतांना इतकी प्रिय, की देवाच्या कृपादृष्टीला त्यांनी तीच उपमा वारंवार दिली. प्रत्यक्षात कासवी अंडी पुरून निघून जाते आणि पिलांचे तोंडही पाहत नाही. उलट गजेंद्राचा पाय धरणारी, पुराणांत दुष्ट ठरलेली मगर मात्र घरटे राखते आणि अंड्यांतून निघालेली पिले जबड्यात अलगद धरून पाण्याशी नेते. आपल्याकडील मगरींत नरही हे काम करतो, असे मद्रासजवळच्या मगर-संवर्धन केंद्रातील अभ्यासकांनी १९८६ मध्ये नोंदविले आहे. तेव्हा 'थंड रक्ताच्या प्राण्याला माया कसली' हे म्हणणे वाटते तितके निर्विवाद नाही. तथापि तो वाद येथे नको. प्राण्याला माया असो वा नसो, सांभाळणाऱ्याला ती असते, आणि आजचा विषय तिच्याशीच निगडित आहे.

आम्ही भिलाईकर राहतो त्या दुर्ग जिल्ह्याच्या उत्तरेस बेमेतरा जिल्हा आहे. २०१२ पर्यंत तो दुर्गचाच भाग होता. त्यात बावामोहतरा नावाचे गाव आहे. गावच्या तळ्यात एक मगर राहत असे. गावाने त्याचे नाव गंगाराम ठेवले होते. पोरे तळ्यात पोहत आणि गंगाराम त्यांच्या अंगावरून निघून जाई. त्याने कोणाला इजा केल्याची आठवण गावात नव्हती. लोक त्याला डाळभात देत आणि तो खाई, असे सांगतात. मगरीचे पोट डाळभाताने भरत नाही, तळ्यातल्या माशांनी ते भरत असणार; पण देणाऱ्यांच्या दृष्टीने तो नैवेद्य होता. गंगाराम १३० वर्षांचा होता, असे गाव सांगते, आणि वर्तमानपत्रांतही तोच आकडा आला. मगरीच्या आयुष्याविषयी जे शास्त्रीय ज्ञान आहे त्यात हा आकडा सहज बसत नाही. परंतु आजोबांच्या बालपणीही तळ्यात गंगाराम होता अशी ज्या गावाची स्मृती आहे, त्या गावाशी जन्मतारखेवरून हुज्जत घालण्यात मला स्वारस्य वाटत नाही.

८ जानेवारी २०१९ रोजी, मंगळवारी सकाळी, गंगाराम पाण्यावर तरंगताना दिसला. तो मेला होता. लोकांनी त्याला बाहेर काढले आणि वन विभागाला कळविले. अधिकारी आले, पशुवैद्यक आले. लांबी भरली ३.४० मीटर, वजन सुमारे २५० किलो. पूर्ण वाढ झालेला नर. शवविच्छेदन झाले. मगर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, त्याच्या देहावर गावाचा अधिकार नसतो. तरी लोकांची भावना पाहून वन विभागाने देह गावाच्या स्वाधीन केला. मग ट्रॅक्टर फुलांनी सजला, त्यावरून गंगारामची अंत्ययात्रा निघाली. सुमारे पाचशे माणसे तीत होती. तळ्याच्या काठीच त्याला पुरण्यात आले. त्या दिवशी कित्येक घरांत अन्न शिजले नाही, असे सरपंचांनी सांगितले; आणि तळ्याकाठी गंगारामची मूर्ती बसवावी असा विचारही गावाने बोलून दाखविला.

ही बातमी देशभर एक गमतीदार वृत्त म्हणून वाचली गेली. मला तिच्यात एक शहाणपणाचा क्रम दिसतो. गावाने आधी अधिकाऱ्यांना बोलाविले. गंगाराम देवासमान आहे, त्याच्यावर सुरी चालवू देणार नाही, असा हट्ट धरला नाही. आणि अधिकाऱ्यांनीही, कागद पुरा झाला, आता देह आमचा, असे म्हटले नाही. आधी चौकशी, मग शोक. दोहोंना आपापली जागा मिळाली, आणि एकाने दुसऱ्याचे काम करावे अशी अपेक्षा कोणी केली नाही. ज्यांच्या घरी लहानसे जनावर अकस्मात जाते त्यांची अडचण नेमकी येथेच असते. त्यांच्याकडे ना चौकशी होते, ना दुखवटा; आणि दोहोंच्या रिकाम्या जागी एकच वस्तू येऊन बसते, ती म्हणजे स्वतःला दोष देणे.

माझ्या नोकरीत अकस्मात मृत्यूंच्या चौकशीचे कागद पुष्कळ वेळा नजरेखालून जातात. इकडे छत्तीसगडात पोलिसांच्या भाषेत त्याला 'मर्ग कायम करणे' म्हणतात. महाराष्ट्रात 'अकस्मात मृत्यूची नोंद' म्हणतात. माणसाच्या मृत्यूचे कारण अज्ञात असेल तर शासन ते तसेच सोडीत नाही. पंच बोलावले जातात. देह कोठे होता, कोणत्या स्थितीत होता, अंगावर खूण काय, जवळ वस्तू कोणत्या, हे लिहून घेतले जाते. कोरडा, नीरस कागद असतो तो. पण मृताच्या नातलगांना त्याचा मोठा आधार वाटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. माझ्या अनुभवात त्यांचा पहिला प्रश्न अपराधी कोण हा क्वचितच असतो. त्यांना विचारावयाचे असते ते हे, की शेवटी फार त्रास झाला का, आणि मी तासभर आधी आलो असतो तर? पंचनामा या प्रश्नांना उत्तर देतोच असे नाही. परंतु तो त्या प्रश्नांभोवती कुंपण घालतो. इतके घडले, इतके दिसले, इतके कळले नाही. त्याच्या पलीकडची सारी कल्पना.

घरच्या मुक्या जनावरासाठी शासनाची अशी वही नाही, असावी असेही नाही. पण घरच्या घरी ती लिहिता येते, आणि लिहावी.

तत्पूर्वी एक गोष्ट निश्चित करावी लागते, ती म्हणजे मृत्यू झाला आहे ना. हे ऐकून कोणास हसू येईल. परंतु कासव, सरडा, साप यांच्या बाबतीत हा प्रश्न खरोखर कठीण आहे. या प्राण्यांच्या देहाची उष्णता बाहेरून येते. तितक्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला लागणाऱ्या शक्तीच्या दशांशावर त्यांचा संसार चालतो. थंडीत त्यांचा श्वास आणि नाडी इतकी मंदावते, की पाहणाऱ्याला काही चलन दिसतच नाही. भिलाईत जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो. गॅलरीतल्या टबात ठेवलेले कासव अशा रात्रीनंतर दगडासारखे पडून राहिले, तर ते मेलेलेच असेल असे नाही. याच्या उलटही घडते. कासव खरोखर मेल्यानंतर त्याचे हृदय काही तास ठोके देत राहू शकते. म्हणून अशा प्राण्याला लगेच पुरण्याची घाई करू नये. त्याला पाण्याबाहेर काढून, कोरड्या फडक्यावर, उबदार खोलीत ठेवावे. पापणीला हलका स्पर्श करून पाहावा. शक्य तर पशुवैद्यकाकडून यंत्राने ठोके ऐकवावेत. डोळे खोल गेले, अंग ताठरले, वास सुटला, म्हणजे मग संशय उरत नाही.

आता 'अकस्मात' या शब्दाकडे वळू. कुत्र्याला बरे नसले तर ते कण्हते, कोपऱ्यात जाऊन बसते, मालकाच्या पायाशी येते. रानातल्या कासवाने किंवा सरड्याने अशक्तपणा दाखविला, तर घार त्याला प्रथम उचलते. त्यामुळे दुखणे लपविणे हा या प्राण्यांचा लक्षावधी वर्षांचा स्वभाव बनला आहे. त्यात त्यांचे शरीर सावकाश चालणारे; आजारही सावकाश चालतो. यकृत बिघडले, हाडे पोकळ झाली, फुप्फुसात पाणी झाले, तरी कित्येक आठवडे किंवा महिने बाहेरून फारसे दिसत नाही. कासवाच्या बाबतीत तर कवचच सारे झाकून टाकते. गाय वाळली की बरगड्या दिसतात. वाळलेल्या कासवाचे कवच होते तेवढेच राहते, आतला प्राणी मात्र कमी होत जातो. म्हणून जाणकार पाळणारे दर आठवड्याला कासव तराजूवर ठेवतात. थोडक्यात, ज्याला आपण एका रात्रीत झालेला मृत्यू म्हणतो तो पुष्कळदा जुना असतो. एका रात्रीत होते ते आपल्याला कळणे.

त्यामागची कारणे शोधू गेल्यास बहुतेक अगदी साधी निघतात. आपल्याकडे बाजारात जी पाळीव कासवे मिळतात, त्यांत कानाजवळ तांबडा पट्टा असलेले अमेरिकी जातीचे कासव सर्वांत अधिक. विकताना ते रुपयाएवढे असते. नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते आणि जेवणाच्या ताटाएवढे होते. त्याला पोहण्यास पाणी हवे, तसा पाण्याबाहेर येऊन शेकण्यास कोरडा दगड आणि ऊनही हवे. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्याच्या कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असेल तरच अन्नातला चुना हाडांत आणि कवचात जातो. खिडकीच्या काचेतून प्रकाश येतो, ऊब येते, पण हे किरण बहुतांशी काचेतच अडतात. म्हणून 'आमचे कासव रोज उन्हात असते' असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या घरातही कवच मऊ पडते. नुसत्या वाळविलेल्या सुकटीवर ठेवलेल्या कासवाला 'अ' जीवनसत्त्व कमी पडते, डोळे सुजून मिटतात, आणि डोळे मिटलेले कासव खात नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो. गच्चीवरच्या उथळ टबातले पाणी दुपारच्या दोन तासांत प्राणघातक होते. कधी टबातला रंगीत खडा गिळला जातो. कधी डासांसाठी केलेली फवारणी बाधते. आणि कधी मादीच्या पोटात अंडी अडतात. नराचा सहवास नसलेली मादीही अंडी धरते, हे पाळणाऱ्यास ठाऊक नसते. ती मादी आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते.

या शेवटच्या मुद्द्यावरून एका इंग्रज कासवाची आठवण होते. सेलबोर्नचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट हे निसर्गनिरीक्षणाचे एक आद्य आचार्य. त्यांना १७८० मध्ये त्यांच्या आत्याकडून एक कासव वारशाने मिळाले. त्याचे नाव टिमथी. व्हाइट त्याचे वजन करीत, ते जमिनीत केव्हा शिरते आणि केव्हा वर येते याच्या नोंदी ठेवीत. १७९३ मध्ये व्हाइट वारले; टिमथी पुढच्या वर्षी गेले. त्याचे कवच जपून ठेवले गेले, आणि पुढे त्याची तपासणी झाली तेव्हा टिमथी मादी होती असे निष्पन्न झाले! इतक्या सूक्ष्म दृष्टीच्या माणसालाही हयातभर जे दिसले नाही, ते मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसले.

तेव्हा घरचा पंचनामा कसा करावा? शोकाच्या भरात फार काही जमत नाही, पण एक कागद आणि अर्धा तास पुरतो. शेवटच्या पंधरा दिवसांत प्राण्याने काय खाल्ले, केव्हापासून कमी खाल्ले. विष्ठा कशी होती. पाणी केव्हा बदलले. दिवा किंवा पाण्याचा हीटर बंद पडला होता काय. घरात रंगकाम, फवारणी झाली काय. पोहताना एका अंगाला कलत होता काय. एका अंगाला कलणे हे फुप्फुसाच्या विकाराचे लक्षण असू शकते. देहाची आणि टबाची छायाचित्रे घ्यावीत. घरात दुसरा प्राणी असेल तर हा कागद त्याचा जीव वाचवू शकतो, आणि हे कारण सर्वांत मोठे आहे.

मग देह. शवपरीक्षा करावयाची असल्यास तो पिशवीत घालून, पिशवी डब्यात ठेवून, शीतकपाटाच्या खालच्या खणात ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठण्यात पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही उमगत नाही. एक-दोन दिवसांच्या आत तो पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोहोचवावा. आमच्या भागाला दुर्गजवळ अंजोऱ्याचे महाविद्यालय आहे; महाराष्ट्रात नागपूर, परळ आणि इतरत्रही अशी महाविद्यालये आहेत. तेथे विकृतिशास्त्राचा विभाग असतो. आधी विचारून जावे. मात्र एक दक्षता घ्यावी. प्राणी आपल्या देशातला असेल, उदाहरणार्थ पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले कासव, तर तो पाळणेच कायद्याने निषिद्ध आहे. २०२२ च्या दुरुस्तीने चांदणी कासव पहिल्या अनुसूचीत गेले आहे. असा प्राणी घरात जिवंत असला तर आजच वन विभागाच्या स्वाधीन करणे इष्ट. मेल्यावर करावयाच्या उपायांची चर्चा मग उरत नाही.

शवपरीक्षेने कारण कळतेच, अशी मात्र समजूत करून घेऊ नये. आमच्या सेक्टरातल्या एका मराठी घरी, दोन हिवाळ्यांपूर्वी, शाळकरी मुलीचे सात वर्षांचे कासव गेले. वडील कारखान्यातले अभियंते, पद्धतशीर गृहस्थ. पाण्याच्या तापमानाची वही त्यांनी आधीपासूनच ठेविली होती. शेकण्याचा दिवा, खाणे, वजन, सारे यथास्थित. तरी एका शुक्रवारी सकाळी कासव तळाशी मान लांब करून पडलेले मिळाले. त्यांनी ते तपासावयास नेले. तीन आठवड्यांनी अहवाल आला. यकृत, फुप्फुसे, आतडी यांत विशेष दोष नाही. कारण निश्चित करता येत नाही. वडिलांना तो कागद अपुरा वाटला. ते पुनःपुन्हा वहीची पाने चाळीत आणि एखाद्या दिवशीच्या अर्ध्या अंशावर बोट ठेवून विचारीत, "याच्यामुळे असेल का?" मुलीने मात्र एकच प्रश्न विचारला, आणि तो मला विचारला, कारण तिच्या मते मी मृत्यूंच्या कागदांवर सह्या करणारा होतो. "काका, त्याला दुखलं असेल का?"

सरपटणाऱ्या प्राण्यांना वेदना होतात, हे आज शास्त्र मानते. तेव्हा 'छे, त्यांना काही कळत नाही' हे उत्तर खोटे झाले असते. मी तिला एवढेच सांगितले, की कदाचित थोडे दुखले असेल. पण अंगावर जखम नव्हती, धडपडीची खूण नव्हती, दगड जागच्या जागी होते, आणि हे सारे तिच्या बाबांनी लिहून ठेवले आहे. तिला ते पुरले. तिच्या वडिलांना पुरावयास अधिक काळ लागला. माझ्या मते याचे कारण असे, की हिशेबाची सवय असलेल्या माणसाला 'कारण अज्ञात' ही नोंद रिकाम्या रकान्यासारखी वाटते, आणि रिकामा रकाना भरावयास आपल्या हाताशी असलेली सर्वांत सोपी वस्तू म्हणजे स्वतःचे नाव. मी त्यांना सांगितले की आमच्या कचेरीत हा रकाना रिकामा नसतो. 'कारण अज्ञात' हा शेरा चौकशीनंतरच लिहिता येतो, आणि तो लिहिला की चौकशी पुरी झालेली असते.

आता ज्या घरांत कारण कळते, आणि ते निष्काळजीपणाचे नसून अज्ञानाचे असते, त्यांचे काय? तेथेही मला दोषाची विभागणी थोडी निराळी करावीशी वाटते. रुपयाएवढे पिलू, काचेचा वाडगा आणि सुकटीची पुडी देऊन 'याला काही लागत नाही' असे सांगून जो विकतो, त्याच्या वाट्याला या दोषाचा मोठा भाग जातो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे. ती कासवांच्या दयेपोटी घातलेली नाही. ही पिले तोंडात घालणाऱ्या मुलांना आतड्याचा संसर्ग होत असे म्हणून घातली. तरी तिचा लाभ कासवांनाही झाला असणार. आपल्याकडे मात्र वाडग्यातले पिलू अजून विकले जाते आणि वाढदिवसाला भेट म्हणून दिले जाते.

चौकशी येथे संपते. दुखवटा अजून व्हावयाचा असतो.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये ज्या शोकाला समाज शोक मानीत नाही अशा शोकावर ग्रंथ सिद्ध केला. गर्भपाताचे दुःख, घटस्फोटित जोडीदाराच्या मृत्यूचे दुःख, पाळीव जनावराचे दुःख अशी ही बिनमान्यतेची दुःखे. ती माणसाने उघड बोलून दाखविली तर हसू होते, आणि न बोलता ठेविली तर ती आत राहून रागाच्या किंवा उदासीच्या रूपाने बाहेर पडतात. कासवाच्या किंवा सरड्याच्या बाबतीत हसू अधिकच होते. त्याला ना लव, ना आवाज, ना शेपूट हलविणे. पण रोज सकाळी दिवा लावणे, पाणी पाहणे, पावलांच्या आवाजाने मान वर करणाऱ्या त्या जिवाला हाताने पालकाचे पान देणे, हा सात वर्षांचा परिपाठ एका दिवसात तुटतो. हात सवयीने बटणाकडे जातो. ते दुःख खरे असते, आणि प्राण्याच्या वजनावरून त्याचे माप काढता येत नाही.

लहान मुले घरात असतील तर दोन गोष्टी टाळाव्यात. 'ते झोपले' असे सांगू नये; त्या मुलाला रात्री झोपावयाचे असते. आणि मूल शाळेतून येण्यापूर्वी धावत जाऊन तसलेच दुसरे कासव आणून टबात सोडू नये. पुष्कळ प्रेमळ आईबाप हे करतात. मुलांना बहुधा ते कळते. कवचावरच्या नक्षीची त्यांना आपल्याहून अधिक ओळख असते. आणि कळले नाही, तर जो गेला त्याच्यासाठी रडावयाची संधीच त्या मुलाला मिळत नाही.

जगात मोठमोठ्या संस्थांनाही हे करावे लागले आहे. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात १८७५ पासून राहिलेले अद्वैत नावाचे प्रचंड कासव २२ मार्च २००६ रोजी गेले. त्याचे कवच जपून ठेवण्यात आले. गालापागोस बेटांतला 'एकाकी जॉर्ज', आपल्या जातीचा शेवटचा, २४ जून २०१२ रोजी सकाळी त्याला अनेक वर्षे सांभाळणाऱ्या रक्षकाला मृतावस्थेत आढळला. त्याचीही शवपरीक्षा झाली. मग देह न्यूयॉर्कला नेऊन त्यात पेंढा भरला गेला, आणि २०१७ मध्ये तो आपल्या बेटांवर परत गेला. केरळात कासरगोडजवळ अनंतपुरा येथे तळ्यातल्या देवळाची बाबिया नावाची मगर होती. देवाचा प्रसाद तिचे अन्न. ती ९ ऑक्टोबर २०२२ रोजी गेली, तेव्हा शेकडो लोक दर्शनास लोटले. त्या तळ्याची आख्यायिका अशी, की एक मगर गेली की दुसरी आपोआप येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तळ्यात खरोखरच एक मगर दिसली.

घरच्या कासवासाठी यातले थोडे करता येते. जागा असेल तर अंगणात, नसेल तर मोठ्या कुंडीपेक्षा कोणा परिचिताच्या मळ्यात, कुत्र्यांना उकरता येणार नाही अशा दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात, साध्या सुती फडक्यात गुंडाळून पुरावे. प्लास्टिकची पिशवी काढून घ्यावी. विहिरीपासून आणि नळाच्या वाटेपासून दूर. वर एखादे रोप लावावयाचे की दगड ठेवावयाचा, हे घरातल्या सर्वांत लहान माणसाला ठरवू द्यावे. ज्याला चार शब्द बोलावयाचे असतील त्याने बोलावे. मंत्र लागत नाही. नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. टब, दगड आणि दिव्याची दांडी निर्जंतुक करून उन्हात वाळवावी आणि निदान काही आठवडे तशीच ठेवावी. दुसरा प्राणी आणावयाचा की नाही, तो निर्णय त्या काळात करू नये. ज्यांच्याकडे दुसरे कासव आहे आणि ज्यांना आता तेही नको झाले आहे, त्यांनी ते गावच्या तळ्यात नेऊन सोडू नये. ही परदेशी जात तळ्यातल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. जवळच्या पशुवैद्यकाला किंवा वन विभागाला विचारून त्याची सोय लावावी.

आमच्या शेजाऱ्यांनी ती तापमानाची वही टाकून दिलेली नाही. तिच्या शेवटच्या पानावर वडिलांच्या अक्षरात तारीख, वेळ आणि पाण्याचे अंश आहेत. त्याखाली मुलीने कासवाच्या कवचावरची नक्षी आठवून काढली आहे. डाव्या बाजूचा एक चौकोन तिने रिकामा ठेवला आहे. तो तिला नीटसा आठवत नाही.